'बाबा' शब्द इतक्या भाषांत आहे, म्हणजे त्या भाषा एकाच मुळाच्या का?

नाही. उलट नात्यातल्या भाषांतच अर्थ फिरलेला दिसतो. मराठी, तुर्की आणि स्वाहिली तीन वेगवेगळ्या कुळांतल्या, तरी तिन्हींत 'बाबा' म्हणजे वडील. रशियन मात्र मराठीच्याच इंडो-युरोपीय कुळातली, आणि तिथे 'बाबा' म्हणजे बाई, बहुतेकदा खेडवळ किंवा म्हातारी. लोककथांतली चेटकीण बाबा यागा ती हीच. जपानीतही 'बाबा' म्हणजे म्हातारी. जॉर्जियनमध्ये तर वडिलांना 'मामा' म्हणतात आणि आईला 'देदा'!

याचं कारण बाळाच्या तोंडात आहे. मिटलेले ओठ उघडले की प, ब, म हे आवाज सहज निघतात, म्हणून 'बाबाबा', 'मामामा' ही बडबड जगभर ऐकू येते. बाळाला त्यातून काही सांगायचं नसतं. अर्थ लावतात मोठी माणसं, आणि प्रत्येक समाज आपापल्या परीने लावतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी हे छान उलगडून दाखवलंय.

भाषांचं नातं तपासायचं असेल तर अंक बघा: मराठी 'तीन', रशियन 'त्री'. स्वाहिलीत तीनला 'तातू' म्हणतात.