चांगली पानं येतच नाहीत, मग खेळायचं कधी?

होल्डेम पोकरबद्दल (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच, आधी तीन मग एकेक उघडतात) आलेल्या पत्रांत या वेळी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न: आम्ही नऊ मित्र शनिवारी रात्री होल्डेम खेळतो. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स, प्रत्येकाला 200 आणि ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) 1-2. सगळे सांगतात चांगल्या पानांची वाट बघ. मागच्या वेळी तीन तास वाट बघितली, काही म्हणजे काही आलं नाही, शेवटी वैतागून पहिल्याच जागेवरून राजा-नश्शी खेळलो. टेबलावर राजा लागलापण, पण समोरच्याकडे राजा-राणी निघाली आणि सगळ्या चिप्स गेल्या. संयम ठेवून पण हेच होणार असेल तर उपयोग काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी हिशोब करू, कारण तुम्हाला वाटतंय वाट बघण्यात बुडालो आणि आकडे उलटं सांगतात. घरच्या टेबलावर तीन तासांत साधारण 60 डाव होतात. नऊ जण असले की एका फेरीत तुमच्यावर एकदा 1 चा स्मॉल ब्लाइंड येतो, एकदा 2 चा बिग ब्लाइंड येतो, म्हणजे नऊ डावांना 3 चिप्स. साठच्या साठ डाव नुसती पानं टाकत बसलात तरी जातात फक्त 20 चिप्स. उरलेल्या 180 त्या एका राजा-नश्शीनं नेल्या.

आता "काहीच आलं नाही" याबद्दल. दोन पानांच्या एकूण 1326 जोड्या होतात. त्यात एक्क्यांची जोडी 6 प्रकारे बनते, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा असं सगळं मिळून धरलं तरी 34 होतात, म्हणजे 39 डावांत एकदा. आणि 60 डावांत यातलं एकसुद्धा न येणं हे पाच रात्रींतून एका रात्री होणारच, त्यात नशीब फिरलं वगैरे काही नसतं. हे आधीच माहीत असलं ना की तिसऱ्या तासाला जो वैताग येतो तो अर्धा कमी होतो.

वैताग येण्याचं आपल्याकडे अजून एक कारण आहे असं मला फार वाटतं. आपण सगळे दिवाळीतल्या तीन पत्तीवर वाढलेलो. तिथं दर डावाला प्रत्येकाला बूट टाकावं लागतं, पॅक केलं तरी ते गेलेलंच, त्यामुळे सारखं पॅक करत बसणारा माणूस हळूहळू संपतो आणि वर लोक त्याला घाबरट म्हणतात ते वेगळं. शिवाय तीन पानांत जोडी जवळजवळ 17 टक्के वेळा लागते. होल्डेममध्ये हातात जोडी येते 17 डावांत एकदा, म्हणजे 6 टक्क्यांच्या आतच, पण ब्लाइंडच्या दोन जागा सोडल्या तर पानं टाकायला एक चिपसुद्धा लागत नाही. नऊपैकी सात डाव तुम्ही फुकट बघू शकता! ही सूट खेळानंच दिलीय, ती वापरायची. तीन पत्तीचा हात घेऊन इथं आलात की पहिल्या तासातच ती सूट उधळली जाते.

पण तुमची खरी गडबड जागेची झालीय. वाट बघणं म्हणजे राण्या-राजे येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं नाही, कुठल्या जागेवर कुठली पानं चालतात ते धरून खेळणं. पहिल्या जागेवर बसलात तर तुमच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतात. समजा तुमच्याकडे दश्शी-नश्शी आहे, तर त्या आठांपैकी कुणाकडे तरी गुलामांपासून वरची जोडी किंवा एक्का-राजा असण्याची शक्यता साधारण 23 टक्के. तीच पानं तुम्ही बटनावर म्हणजे डीलरच्या जागेवर धरलीत, आधीच्या सगळ्यांनी टाकलीत आणि मागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरलेत, तर हीच शक्यता 6 टक्क्यांवर येते. पानं तीच आणि धोका चौपट कमी. शिवाय पुढच्या प्रत्येक पानाला बटनवाला सगळ्यात शेवटी बोलतो, बाकीच्यांनी काय केलं ते बघून.

म्हणून नवीन माणसानं नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या दोन-तीन जागांवर अठ्ठीच्या वरच्या जोड्या (अठ्ठी धरून), एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगातले एक्का-गुलाम किंवा राजा-राणी एवढंच खेळावं, बास. हे मोजलं तर सोळा डावांत एकदा येतं. मधल्या जागांवर थोडं सैल करा, पंजीपर्यंतच्या जोड्या, एक्का-गुलाम, राजा-राणी कुठल्याही रंगाचे. आणि बटनावर, आधी सगळ्यांनी टाकली असतील तर, सगळ्या जोड्या, दश्शीच्या वरची (दश्शी धरून) कुठलीही दोन, एका रंगातला कुठलाही एक्का, एका रंगातली अठ्ठी-नश्शी किंवा सत्ती-अठ्ठी अशी लागून असलेली पानं, म्हणजे पाचातला एक डाव आरामात खेळता येतो. असं खेळलात तर तीन तास कोरडे जाणारच नाहीत. तुमची राजा-नश्शी मात्र पहिल्या जागेवर कुठल्याच हिशोबात बसत नाही, कारण तुम्हाला हवा असलेला राजा टेबलावर आला की त्याच राजावर अडकलेला दुसरा माणूस बहुतेक वेळा राणी, गुलाम नाहीतर एक्का घेऊनच बसलेला असतो. म्हणजे राजा लागला नाही तर थोडं जातं आणि लागला तर सगळं जातं.

आणि खेळायचं तर वाढवून खेळायचं. नुसती 2 ची बरोबरी करून आत शिरायची सवय लागली की निवडीला अर्थच उरत नाही.

प्रश्न: दादा, एक्का आला की माझ्याच्यानं तो टाकवतच नाही, मग बरोबर छक्की असो नाहीतर तिर्री. दोन्ही पानं बदामची असली तर विचारायलाच नको. जाऊबाई म्हणतात इथंच मी हरते. – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, जाऊबाई बरोबर बोलतायत. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे एक्का-छक्की असताना दुसऱ्या कुणाकडे तरी एक्का आणि छक्कीपेक्षा मोठं पान असण्याची शक्यता साधारण 45 टक्के आहे. जवळजवळ दोनात एकदा! आणि समोर एक्का-राजा असला तर एक्का-छक्की चारात एकदाच जिंकते. तुमचा एक्का चांगलाच आहे हो, अडचण छक्कीची आहे.

रंगाचं तर अजून फसवं. तीन पत्तीत तिन्ही पानं एका रंगाची आली की कलर झालाच, इथं कलरला एका रंगाची पाच लागतात, हातात दोन आहेत आणि अजून तीन टेबलावर यायचीयत. शेवटच्या पानापर्यंत थांबलात तरी कलर लागतो साडेसहा टक्के वेळा, आणि पहिल्या तीन पानांतच लागणं साधारण 120 मध्ये एकदा. रंग एक असल्यानं एकूण जिंकण्यात दोन-तीन टक्क्यांची भर पडते, म्हणजे आधीच बऱ्या असलेल्या पानांना तो अजून बरं करतो, रद्दीला सोनं करत नाही. बदामची एक्का-छक्की बटनावर जरूर खेळा, कलर लागला तर सगळ्यात मोठा तुमचाच असतो. पहिल्या जागांवरून मात्र टाका, मन घट्ट करून.

प्रश्न: सरावासाठी पैसे लावून खेळायचं चांगलं ॲप सांगा. – एक वाचक, औरंगाबाद

उत्तर: नाही सांगणार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केलाय, त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा असा फरकच ठेवलेला नाही, पोकर-रमी सगळं आलं. सरावाला फुकटच्या चिप्स चालतात, फक्त एक लक्षात घ्या, फुकटच्या टेबलावर सगळेच सगळं खेळतात, ते बघून आपली निवड ढिली होऊ देऊ नका.

प्रश्न: डॉयल ब्रन्सन या अमेरिकन खेळाडूनं दश्शी-दुर्रीवर दोनदा पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकली. मग आम्ही का नाही खेळायची? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: जिंकली हे खरंय, 1976 आणि 1977, लागोपाठ दोन वर्षं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात दश्शी-दुर्रीचं फुल हाऊस (तीन दश्श्या, दोन दुर्र्या) लागलं. पण तेव्हा टेबलावर दोघंच उरले होते. दोघांच्या खेळात दर डावाला दोघांनाही ब्लाइंड पडतो, तिथं वाट बघत बसलं तर चिप्स वितळतात आणि समोर फक्त एकच हात हरवायचा असतो, म्हणून तिथं खूप जास्त पानं खेळावीच लागतात. नऊ जणांत ब्रन्सनची नक्कल केली तर त्या डावातली एकही गोष्ट तुमच्याकडे नसते. स्पर्धेतही असंच, ब्लाइंड वाढत वाढत तुमच्याकडे जेमतेम दहा बिग ब्लाइंड उरले की एक्के-राजे शोधत बसायची वेळ गेलेली असते, बरी पानं आली की सगळ्या चिप्स लावायच्या नाहीतर टाकायची.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो, अटलांटिक सिटीच्या कसिनोत अधूनमधून 1-3 डॉलर ब्लाइंडच्या टेबलावर बसतो. तासाला 25-30 डावच होतात, पानं टाकून टाकून इतका कंटाळा येतो की मोबाइल काढतो. यावर उपाय? – एक वाचक, एडिसन

उत्तर: मोबाइल खिशात ठेवा, हा अर्धा उपाय. टाकलेल्या डावातच तर खरी माहिती फुकट मिळते, कोण 3 डॉलर टाकून कशावरही आत येतो, कोण वाढवल्यावर लगेच पळतो, शेवटी पानं उघडी पडली तेव्हा कुणी पहिल्या जागेवरून काय खेळलं होतं. एका वेळी एकच माणूस निवडा आणि तासभर त्यालाच बघा. आपली पानं पण वाटल्या वाटल्या उचलू नका, पाळी आली की बघा, तोपर्यंत डावीकडचे लोक स्वतःची पानं बघताना काय करतात ते दिसतं, आणि टाकायच्या तयारीत असलेले बरेच जण ते लपवत पण नाहीत.

अजून एक, तुमच्या वेगानं एक्क्यांची जोडी आठेक तासांत एकदा येणार, आणि इतकी वाट बघून आली की लोक ती लपवायला जातात, नुसती बरोबरी करून सगळ्यांना आत घेतात. तसं नका करू. एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध 85 टक्के जिंकते, आठही जण आत आले तर 35 टक्क्यांपर्यंत घसरते. 12-15 डॉलरपर्यंत वाढवा, एक-दोघं उरले की पुरे. त्यातूनही कधीतरी हराल, तेव्हा पुढची पानं वाटायच्या आत उठा, पाय मोकळे करून या, दोन-चार डाव चुकले तर चुकू देत.