झोपेची गोळी, डॉक्टरांची सही आणि मेडिकलची वही

ताई, गुहागरजवळ एकट्या राहणाऱ्या ६८ वर्षांच्या आईंना तीन वर्षं अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी चालू आहे, डॉक्टर न तपासता चिठ्ठी देतात, मध्येच डोस दुप्पट झाला, आणि गेल्या महिन्यात त्या पडवीत पडून मनगट मोडलं. डॉक्टरांवर कारवाई होईल का, असं तुम्ही विचारलंय. होऊ शकते. पण त्याआधी एक सांगतो.

गोळी एकदम बंद करू नका. मुंबईहून आलेला मुलगा रागाने स्ट्रिपच फेकून देतो, हे मी पाहिलंय. इतकी जुनी सवय एका रात्रीत तोडली तर फिट येऊ शकते. डोस मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवायचा, त्याला महिनेही लागतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते नाव ऐकून आई दचकणार असतील तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा.

आता पुरावा. मी बत्तीस वर्षं मेडिकल चालवलं, म्हणून हे ठामपणे सांगतो: तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार मेडिकलमधली वही आहे. १ मार्च २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. विकताना लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावंच लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. तुमचं प्रकरण नेमकं तीन वर्षांचं. म्हणजे दर महिन्याला सर्वांत जुनी नोंद हातची जाऊ शकते. गणपतीला गावी जाऊ तेव्हा बघू, असं करू नका. जुनी बिलं आणि चिठ्ठ्याही गोळा करा. रजिस्टरमध्ये नोंदीच नसतील तर दुकानदारही अडचणीत येतो. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करायची.

डॉक्टरांकडे आईंच्या सहीने लेखी अर्ज करून उपचाराची कागदपत्रं मागा. ती ७२ तासांत द्यावीत असा नियम आहे. तपासल्याची एकही नोंद नसेल, तर ते न असणंच पुष्कळ काही सांगतं.

तक्रार कुठे, हे पदवीवर ठरतं. एमबीबीएस असतील तर मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद. आपल्याकडे गावोगावी बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर आहेत, त्यांच्या परिषदा वेगळ्या. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक आधी बघा, नाहीतर चुकीच्या दारात महिने जातील. एमबीबीएस डॉक्टरांना २००२ चे आचारसंहितेचे नियम लागू आहेत (२०२३ मध्ये नवे आले, पण त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले). ठोस वैद्यकीय गरज नसताना मनावर परिणाम करणारी औषधं लिहिणं हे त्यात सरळ गैरवर्तन म्हटलं आहे. परिषद ताकीद देऊ शकते, किंवा नोंदवहीतून नाव काही काळ किंवा कायमचं काढू शकते. निकाल सहा महिन्यांत लागावा असं नियमात आहे, तरी धीर ठेवा. भरपाई मात्र परिषद देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत.

अर्जात ‘डॉक्टर पैशाला हपापलेत’ असलं काही लिहू नका. तारीख, डोस, किती गोळ्या, चिठ्ठी कोणी आणली, तेव्हा आई दवाखान्यात गेल्या होत्या का, एवढंच लिहा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका डॉक्टरांनी सह्या करून ठेवलेलं कोरं पॅड आमच्या दुकानात असायचं. मालक त्यावर लिहायचे आणि मी गोळ्या मोजून द्यायचो. तेव्हा गप्प बसलो, ते आजही सलतं.

मात्र प्रत्येक कडक औषध म्हणजे गुन्हा नव्हे. शेजारच्या काकांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता, मॉर्फिनची गरज होती, आणि भीतीपोटी जवळपास कोणी लिहून देईना. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सोपा केला तो अशाच रुग्णांसाठी. म्हणून गोळी का दिली, हे डॉक्टरांना आधी समोर बसून विचारा. कारण सांगता आलं नाही तरच पुढे जा.

आणि आईंना विचारल्याशिवाय अर्ज टाकू नका. तुम्ही मुंबईत असाल, रात्री छातीत दुखलं तर धावून येणारे बहुधा हेच डॉक्टर आहेत. शृंगारतळी किंवा चिपळूणचे दुसरे डॉक्टर आधी ठरवा, त्यांचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लावा, मग अर्ज पोस्टात टाका.