जपानी कंपनीच्या जहाजावर पनामाचा झेंडा का? भाचा अशा जहाजावर चालला आहे, काळजी करावी का?

पनामाचं नाव वाचून घाबरू नका. त्या झेंड्यामागचं कार्यालय आपलं काम नीट करतं का, ते मात्र बघा. मी बडोद्याचा, जहाजांच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली. पनामा आणि लायबेरिया हे देश पाहिले नाहीत, पण दोन्हींच्या झेंड्याखाली राहिलोय.

झेंडा मालकाचा देश सांगत नाही, जहाज कुठे नोंदलं आहे ते सांगतो. आपल्याकडे गाडी बडोद्यात फिरते आणि पासिंग बाहेरचं असतं, तसंच. फरक इतकाच की जहाजाबरोबर कायदाही जातो. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारानुसार जहाजाला एकाच देशाचा झेंडा लावता येतो, आणि खोल समुद्रात जहाजावर त्याच देशाचा कायदा चालतो. भाच्याचा पगार, कामाचे तास, अपघात झाला तर चौकशी, सगळं तिथूनच सुरू होतं. मालकाला मात्र कर कमी आणि खलाशी कुठलेही घेता येतात, म्हणून तो पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं निवडतो. जहाज आणि देश यांच्यात खरा संबंध असावा, असं तोच करार म्हणतो. प्रत्यक्षात लायबेरियाची नोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालते, आणि समुद्रच नसलेल्या मंगोलियाची सिंगापूरमधून. मला हे मनापासून खटकतं, कारण याची किंमत खलाशी मोजतो.

2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं 'एव्हर गिव्हन' आठवा. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा आणि 25 खलाशी सगळे भारतीय. जहाज मोकळं झालं तरी भरपाईच्या वादात इजिप्तने ते जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. भांडण मालकाचं आणि कालव्याचं, जहाजावर मात्र आपली मुलं.

झेंडा किती सहज बदलतो ते बघायचं तर आपल्या गुजरातेत अलंगला बघा. तोडायला आलेल्या कितीतरी जहाजांच्या मागच्या बाजूला जुन्या बंदराचं नाव रंगाने पुसलेलं आणि त्यावर मोरोनी किंवा बासटेर लिहिलेलं असतं. ही कोमोरोस आणि सेंट किट्स या बेटदेशांची बंदरं, आणि त्यांचे झेंडे फक्त त्या शेवटच्या फेरीपुरते घेतलेले. जहाजाची कायमची ओळख असलेला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर मात्र नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी तोच राहतो. भाच्याच्या जहाजाचा तो नंबर आजच लिहून घ्या.

भाच्याने पाठवलेल्या फोटोत डोलकाठीवर तिरंगाही दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. तो आपल्या बंदराचा मान म्हणून. पाहुणं जहाज यजमान देशाचा झेंडा वर लावतं, स्वतःचा मागच्या टोकाला. आपल्या भारतीय व्यापारी जहाजांवर मागे लाल झेंडा असतो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा.

आता कामाचं. ज्या एजंटने नोकरी दिली त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, डीजी शिपिंगच्या (भारत सरकारच्या जहाज खात्याच्या) वेबसाइटवर तपासा. नंबर नसेल किंवा एजंट नोकरीसाठी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. मग पॅरिस आणि टोकियो एमओयू, म्हणजे बंदरात आलेली परदेशी जहाजं तपासणाऱ्या देशांचे गट, यांच्या याद्या बघा. वारंवार पकडल्या जाणाऱ्या जहाजांचे झेंडे काळ्या यादीत असतात. जहाजावर गेल्यावर भाच्याला एमएलसीखालचं (खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं) विम्याचं प्रमाणपत्र शोधायला सांगा. ते सगळ्यांना दिसेल असं लावलेलं हवं. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतीचा खर्च त्यातून मिळतो. त्यावरची मुदत संपलेली असेल तर सही करण्याआधी कॅप्टनला विचारायचं, आणि उत्तर टाळलं तर एजंटला लेखी कळवायचं.