बारावी होईपर्यंत गिटार कपाटात ठेवायची का?

प्रश्न : माझी मुलगी बार्शीत अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के होते. अभ्यास बरा करते, पण उरलेला सगळा वेळ दोनच गोष्टींत जातो : कॉम्प्युटरवर फोटो एडिटिंग आणि मामेभावाने दिलेली जुनी गिटार. तिच्या आजीचा लग्नातला फाटका फोटो तिने इतका छान दुरुस्त केला की नातेवाईक आता आपापले फोटो पाठवतात. कुणी स्थळासाठी ‘जरा उजळ करून दे’ असंही सांगतं. गिटारवर मात्र दहा गाणी सुरू होतात, पूर्ण एकही होत नाही. ‘मला यातच काहीतरी करायचंय’ म्हणते, पण काय ते तिला सांगता येत नाही. एका संस्थेने मल्टिमीडियाच्या कोर्सची फी दीड लाख सांगितली आहे, नोकरीची हमी देतात. तिचे बाबा म्हणतात, बारावी होईपर्यंत दोन्ही बंद. काय करावं? – एक आई

उत्तर :

ताई, दोन्ही बंद करू नका, आणि दीड लाख आत्ता भरू नका. सोळाव्या वर्षी ‘यातच काहीतरी’ एवढंच सांगता येणं अगदी स्वाभाविक आहे, त्याची काळजी वाटून घेऊ नका. माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. फोटो पूर्ण झाला, गाणी अर्धी राहिली. तिच्यातली कल्पकता वाढवायची असेल तर काम या जागी करायला हवं. हातात घेतलेली गोष्ट शेवटापर्यंत नेताना जे सुचतं, ते सुरुवातीला कधीच सुचत नाही.

एखाद्या रविवारी तिच्या शेजारी बसा आणि तो फोटो कसा दुरुस्त केला ते दाखवायला सांगा. अशा फोटोत गालावरून घडी गेलेली असते. ती बुजवायला क्लोन स्टॅम्प वापरतात, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून घडीवर बसवायचा. तुकडा कपाळावरून उचलला तर तो लगेच ओळखू येतो, कारण कपाळावर पडलेला उजेड वेगळा आणि गालावरचा वेगळा. म्हणून अगदी चिकटून असलेल्या जागेतून, लहान आणि मऊ ब्रशने, थोडं थोडं घ्यावं लागतं. मूळ फोटोला हात न लावता हे सगळं वरच्या वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर करायचं. दर थोड्या वेळाने चित्र लांबून पाहायचं, कारण मोठं करून पाहताना जे बरोबर वाटतं ते लांबून डाग दिसतं. पिवळेपणा काढायला कर्व्ह्जमध्ये, म्हणजे रंगांची तीव्रता बदलणाऱ्या आलेखात, निळा रंग हळूहळू वर न्यायचा. आणि नथीचा अर्धा भाग फाटूनच गेला असेल तर? तिथे उचलायला शेजारी काही नसतं. मग घरात विचारावं लागतं, दुसरे फोटो शोधावे लागतात आणि नथ नव्याने काढावी लागते. हे ज्या मुलीने आपणहून, कुणी मार्क देणार नसताना पूर्ण केलं, तिच्याकडे चिकाटी आहे.

तिचे बाबा कदाचित म्हणतील की आता हे काम मोबाईल एका बटणात करतो. करतो खरं. पण ते ॲप इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं आणि फाटलेल्या जागी अंदाजाने चेहरा भरतं. नाक थोडं सरळ होतं, पुढे आलेला दात नाहीसा होतो, आणि फोटो सुंदर दिसत असूनही घरातल्यांना आजी परकी वाटते. कुठे चुकलं हे ज्या डोळ्याला कळतं, त्या डोळ्याची किंमत या बटणांमुळे वाढणार आहे. तिने ही साधनं जरूर वापरावीत, पण हाताने काम करता येऊ लागल्यावर.

आता ‘उजळ करून दे’बद्दल. तिला नाही म्हणू द्या, आणि ते नातेवाइकांना तुम्ही स्वतः सांगा. मोठ्या माणसांना नकार देणं त्या वयात तिला जड जाईल. अंधारात काढलेल्या फोटोतला उजेड नीट करणं हे एडिटिंग आहे. मुलीचा सावळा रंग पुसून तिला गोरी करणं म्हणजे ती आहे तशी चालणार नाही असं तिला सांगणं आहे. तुमच्या लेकीच्या हातून हे काम होऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय ‘मी कोणतं काम करणार नाही’ हे या व्यवसायात लवकर ठरवलेलं बरं.

यापुढचा गिटारचा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, गाणी अर्धी का राहतात ते आधी तपासू. तू बहुतेक व्हिडिओ पाहून सुरुवातीचा तुकडा उचलतेस, आणि एफ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांचा तो अवघड गट, आली की थांबतेस. तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकायची असते, तारा बोथट वाजतात, बोट दुखतं, आणि दुसरं गाणं जास्त आवडायला लागतं. पण दोष सगळा तुझा नसेल. जुनी गिटार आहे, तर बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांतल्या बाराव्या पट्टीपाशी, तार किती उंच आहे ते पट्टीने मोज. तीन मिलिमीटरच्या वर असेल तर अनुभवी वादकालाही ती दाबायला जड जाते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून उंची कमी करून घे, तारा नव्या टाक. मग एकच गाणं निवड. त्यातला सर्वांत अवघड बदल, समजा सी कॉर्डवरून एफवर जाण्याचा, तेवढाच मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून रोज पाच मिनिटं कर. गाणं आरंभापासून शेवटापर्यंत वाजलं की फोनवर रेकॉर्ड कर. चुकांसकट ठेव, पुसू नकोस.

आणि एक स्वतःचं काम. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट सा धर. चौथी तार मोकळी म्हणजे रे, तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर ग. तिसरी तार मोकळी म्हणजे प, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर ध. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर वरचा सा. हा भूप झाला. पाच स्वर, आणि हात जागेवरून हलवावाही लागत नाही. घरात सकाळी लागणाऱ्या भूपाळ्या, अभंग कानावर असतीलच, त्यातली एखादी चाल यात बसते का पाहा. फ्रेटमुळे स्वर तुटक वाटेल, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवीशी वाटेल, तेव्हा बोट तारेवरून न उचलता पुढच्या स्वरापर्यंत सरकव. मग याच पाच स्वरांत आठ मात्रांची चार आवर्तनं स्वतः बांध. सगळे स्वर हाताशी असले की काय वाजवावं ते सुचत नाही. पाचच असले की हात शोधायला लागतो.

ताई, पुन्हा तुमच्याशी. वेळेचं गणित दोन्हींचं वेगळं आहे, ते एका मापाने मोजू नका. गिटारला रोज अर्धा तास पुरतो, पण रोजच लागतो. आठवडाभर न वाजवता रविवारी चार तास बसून बोटं तयार होत नाहीत. एडिटिंगला रोजचा तुकडा उपयोगाचा नाही. त्याला सलग दोन-तीन तास हवेत, आणि मध्ये एक दिवस सोडून पुन्हा पाहायला हवं, म्हणजे नजर ताजी होते. म्हणून रोज संध्याकाळी गिटार आणि रविवारी सकाळी फोटो, असं ठरवून द्या. परीक्षेच्या महिन्यात फोटो थांबले तरी चालतील, गिटारची पंधरा मिनिटं थांबवू नका.

तिच्या बाबांना हेही सांगा की यातलं काही अभ्यासाच्या विरोधात जात नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात ताणलेल्या तारेची कंपनं आणि ती अभ्यासायचं उपकरण, सोनोमीटर, आहे. तार मध्यावर दाबली की कंप्रता दुप्पट होते, तो मध्य म्हणजे गिटारचा बारावा फ्रेट. एडिटिंगमधला हिस्टोग्राम म्हणजे ० ते २५५ पर्यंतच्या प्रत्येक छटेचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख. हे तिच्या बोटांना आधीच माहीत आहे.

पुढच्या वाटांबद्दल थोडक्यात. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते आणि त्यातून काही आयआयटींच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, प्रवेश मिळतो. या परीक्षेत हाताने चित्र काढण्याचा भाग असतो, म्हणून नुसतं कॉम्प्युटरवर अवलंबून राहू नये, रोज पेन्सिलही चालायला हवी. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी, दोन टप्प्यांची. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. त्यातली उपयोजित कला, म्हणजे जाहिराती, अक्षरं, मांडणी यांची कला, तिला आवडेल असं वाटतं. ध्वनीकडे ओढा राहिला तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पदवीनंतर आहे, आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र लागतं, म्हणून सायन्स सोडायची घाई नको. प्रत्येकाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. यातलं काहीच तिने निवडलं नाही आणि ती इंजिनिअर झाली, तरी ही दोन वर्षं वाया जाणार नाहीत.

या सगळ्यापेक्षा मला तिच्याकडून एक काम झालेलं पाहायला आवडेल. बार्शीत भगवंत मंदिराच्या आसपास हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या अजून कुठे कुठे असतील. फ्लेक्स आल्यापासून त्या झपाट्याने जात आहेत. तिने अशा बारा पाट्यांचे फोटो काढावेत, वाकडे आलेले सरळ करावेत, उडालेला रंग किती ठेवायचा आणि किती भरायचा ते स्वतः ठरवावं. कोणत्या पेंटरने रंगवली, हे दुकानदाराला विचारून लिहावं. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी काढलेली अक्षरं तिने जरूर पाहावीत, मराठी अक्षर किती तऱ्हांनी बोलतं ते कळेल. मग या फोटोंची चार-पाच मिनिटांची चित्रफीत करावी आणि मागे स्वतः बांधलेली भूपाची धून वाजवावी. संगीत स्वतःचं असलं की कुणाच्या हक्कांचा प्रश्न येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली तर उन्हाळ्यापर्यंत होईल. प्रत्येक फोटोची लेयरसकट फाइल आणि कागदावरची कच्ची चित्रं जपून ठेवायला सांगा. डिझाइनच्या मुलाखतीत ‘हे असं का केलंस?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तयार जेपीईजीमध्ये त्याचं उत्तर नसतं.

खर्च फार नाही. फोटो एडिटिंगचा गिंप आणि चित्रं काढायचा क्रिटा हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात. २०२५मध्ये आलेल्या गिंपच्या ३.० आवृत्तीत लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, त्यामुळे शिकताना चुकायची भीती उरत नाही. मराठी अक्षरांसाठी मुक्त, बलू असे चांगले फॉन्टही मोफत मिळतात. पैसे घालायचेच तर आठवड्यातून एकदा समोर बसून शिकवणाऱ्या गिटारच्या शिक्षकावर घाला. बोट कुठे चुकतंय, मनगट कुठे वाकतंय, हे व्हिडिओला दिसत नाही.

त्या संस्थेकडे मात्र लेखी विचारा : गेल्या वर्षी कोर्स पूर्ण केलेल्या पाच मुलांशी फोनवर बोलता येईल का, नोकरीची हमी करारात कोणत्या शब्दांत आहे, आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का. तिन्हींची उत्तरं कागदावर आली नाहीत तर विषय तिथेच संपवा. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. पुढच्या वर्षी तो महिना लक्षात ठेवा, आणि त्याआधी पाट्यांचं काम पूर्ण झालं तर मला जरूर पाठवा.