पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’, नोंदणीत फक्त एमबीबीएस

प्रश्न : मी कळव्याला राहते. १४ महिन्यांपूर्वी वाशीच्या एका क्लिनिकमध्ये पोटाचं लायपोसक्शन (चरबी शोषून काढण्याचं ऑपरेशन) करून घेतलं. १ लाख ८० हजार भरले. जखम चिघळली, पोटावर खड्डे राहिले. आता कळतंय की ते डॉक्टर एमबीबीएस आहेत आणि पुढे काही महिन्यांची फेलोशिप, एवढंच. मी संमतीपत्रावर सही केलीय. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, सहीची धास्ती आधी सोडा. तुम्ही ऑपरेशनला संमती दिलीत, हलगर्जीपणाला नाही. पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने समिरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितलंय. सुरी कुणाच्या हातात आहे हेच तुमच्यापासून झाकलं असेल, तर तो मुद्दा आपल्याला ठासून मांडता येईल.

खरा प्रश्न शिक्षणाचा आहे. प्लास्टिक सर्जन होण्याचा रूढ रस्ता म्हणजे एमबीबीएस, मग ३ वर्षं जनरल सर्जरीचं एमएस आणि त्यावर ३ वर्षं प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीआरएनबी ही विशेष पदवी. त्या वर्षांत भाजलेल्यांवर त्वचारोपण, तुटलेली बोटं जोडणं, दुभंगलेले ओठ शिवणं हे वरिष्ठांच्या नजरेखाली करावं लागतं. कातडीला रक्त कुठून पोचतं आणि हात कुठे आवरायचा, हे तिथे अंगवळणी पडतं. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रिया सुरू करता येत नाहीत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाच्या निमित्ताने बजावलं, ते याचसाठी.

२००२ ची वैद्यकीय आचारसंहिता आजही लागू आहे. तिच्या ७.२० क्रमांकाच्या नियमानुसार त्या शाखेची विशेष पदवी नसेल तर डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. म्हणून त्या क्लिनिकची पाटी, व्हिजिटिंग कार्ड, जाहिरात, पावतीवरचा शिक्का यांचे फोटो आजच काढा. तक्रारीची कुणकुण लागली की पाटी रातोरात बदलते, हे मी पाहिलंय. केसपेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडच्या नोंदणीत त्यांच्या कोणत्या पदव्या आहेत, तेही तपासा.

पोलिसांत मात्र इतक्यात जाऊ नका. नोंदणीकृत एमबीबीएसला ‘बोगस डॉक्टर’ म्हणणारी तक्रार टिकणार नाही. शिवाय जेकब मॅथ्यू खटल्यापासून, म्हणजे २००५ पासून, डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. सोसायटीच्या ग्रुपवरही त्यांचं नाव टाकू नका, उलट तुमच्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस यायची.

दारं दोन आहेत. वैद्यकीय परिषद डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, पण पैसे देववत नाही. भरपाईसाठी ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही क्लिनिकला भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे तिथे फी नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, पदवी नव्हती एवढ्यावर भरपाई मिळत नाही. इजा त्याच हाताने झाली हे दाखवावं लागेल. सध्या ज्या सर्जनकडे जाता, त्यांच्याकडून खड्ड्यांची मापं, फोटो, जखम का चिघळली आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. आपली केस त्या कागदावरच उभी राहणार आहे. आयोगात जायची मुदत २ वर्षांची आहे. ऑपरेशनच्या तारखेपासून मोजली तर तुमच्या हातात १० महिने उरलेत.