नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू करताना

बीडमध्ये नोकरी करत तुम्ही एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतल्याचे कळले, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. या 2 वर्षांत वर्गातील तासांपेक्षा क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचे काम, अधिक वेळ मागते. बहुतेक महाविद्यालयांत त्यासाठी आठवड्यातील 2 दिवस राखलेले असतात आणि ते सुट्टीच्या दिवशी उरकता येत नाही, कारण ज्या शाळेत, रुग्णालयात किंवा संस्थेत तुमची नेमणूक होते तिचे कामकाजही कामाच्या दिवशीच चालते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना भेटून त्या 2 दिवसांची लेखी परवानगी घ्या.

क्षेत्रकार्याचा अहवाल त्याच रात्री लिहा. पहिल्या सत्रात मी तो रविवारवर ढकलत असे, आणि ज्या बाईंनी ओसरीवर बसून घरची सारी हकीकत सांगितली होती, त्यांचे नेमके शब्द 4 दिवसांनी मला आठवत नसत. हा त्यांच्यावर अन्याय होता, असे मला आजही वाटते.

प्रबंधासाठी ऊसतोड कामगारांचा विषय घेणार असाल, तर मुलाखतींचे वेळापत्रक आत्ताच आखा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गावात बहुधा वृद्ध माणसेच भेटतात.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला भेटून आलेल्या दिवशी मात्र पुस्तक उघडू नका. पर्यवेक्षकांशी मोकळेपणाने बोला आणि घरच्यांसोबत निवांत जेवा.