साडेचार लाखांचं स्मार्ट घर आणि मोडायला काढलेली एफडी

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि कोटेशनचा फोटो मोठा करून ओळ न ओळ बघितली. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला ताईंचं नवीन घर होतंय, वायरिंगचे पाईप टाकणं चालू आहे, प्लास्टर व्हायचंय. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत, ताई शाळेत, दोघांचे मिळून हातात १ लाख १५ हजार येतात. त्यातले ७८ हजार महिन्याला जातात, घरखर्च आणि २७ हजारांचा होम लोनचा हप्ता दोन्ही त्यातच आले. लोन २६ लाख बाकी, व्याज ८.६ टक्के. सहा लाखांची एक एफडी आहे ७ टक्क्यांची, त्यापलीकडे शिल्लक म्हणावी असं काही नाही. मुलगी अकरावीला. आणि मिस्टरना पूर्ण घर स्मार्ट करायचंय, म्हणजे दिवे, पंखे, पडदे, कुलूप सगळं फोनवरून नाहीतर आवाजाने चालणारं, ऑटोमेशनवाल्याने ४ लाख ६० हजारांचं कोटेशन दिलंय, महिनाअखेरपर्यंत होय म्हटलं तर गेटची मोटर फ्री. सासूबाईंचं म्हणणं, "बटण दाबायला देवानं हात दिलेत ना." ताई विचारतायत की एफडी मोडू की नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ.

दोन्ही नको. का ते सांगतो, मग काय करायचं तेही सांगतो, कारण मिस्टरांची हौस मला अजिबात वाईट वाटत नाही.

आधी एफडी. ती तुम्हाला बचत वाटते पण तुमच्या घरात तेवढीच एक उशी आहे. महिन्याला ७८ हजार जातात म्हणजे सहा महिन्यांचे साधारण पावणेपाच लाख झाले, आणि एवढे पैसे तर लोन असलेल्या माणसाकडे पटकन काढता येतील असे पडलेलेच पाहिजेत. ४ लाख ६० हजार काढले की मागे उरणार १ लाख ४० हजार, त्यात पुरते दोन महिनेही निघत नाहीत. वर मुदतीआधी मोडली की बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. अगदीच पैसे लागले तर एफडीवर लोन मिळतं, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने, पण ते आजारपणासाठी, पडद्याच्या मोटरसाठी नव्हे.

आता नो कॉस्ट ईएमआय. १२ महिन्यांचा हप्ता काढून बघितलात का? ३८,३३३ रुपये. आणि खर्च जाऊन तुमच्या हातात उरतात ३७ हजार! म्हणजे वर्षभर घरात कोणी आजारी पडायचं नाही, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान आणायचं नाही, मुलीच्या क्लासची फी भरायची नाही, आणि तरीही दर महिन्याला तेराशे कमीच पडणार. नो कॉस्ट हे नावही जरा जपून घ्यावं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठूनतरी वसूल होतंच. रोखीने घेतलं असतं तर मिळाला असता तो डिस्काउंट जातो, प्रोसेसिंग फी लागते, आणि कार्डवर ईएमआय असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बसतो. ऑटोमेशनवाल्याला एकच विचारा, सगळे पैसे एकदम दिले तर किती घेशील. तो जेवढे कमी करेल तेवढं तुमचं व्याज.

मिस्टरांचा सगळ्यात मोठा मुद्दा वीज बचतीचा दिसतोय, "बिल तीस टक्के कमी होतं" म्हणून सांगितलंय त्यांना. बरं, धरू खरं. आत्ताच्या घरात तुमचं बिल सरासरी २,४०० येतं असं लिहिलंय, त्याचे तीस टक्के ७२० रुपये, वर्षाचे ८,६४०. या हिशोबाने ४ लाख ६० हजार वसूल व्हायला ५३ वर्षं लागतील. आणि जे कोणी सांगत नाही ते असं की स्मार्ट स्विच बंद असला तरी जागा असतो, तुमच्या आवाजाची नाहीतर फोनची वाट बघत, त्यासाठी प्रत्येक पॉइंट अर्धा ते एक वॅट खातो. चाळीस पॉइंट चोवीस तास वर्षभर म्हटलं की १७५ ते ३५० युनिट नुसते वाट बघण्यात गेले.

बिलच कमी करायचं असेल तर पंखे बदला, यात काही स्मार्ट नाही पण हिशोब चोख आहे. साधा सिलिंग फॅन ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले (गोव्यात एप्रिल-मेमध्ये तो बंद तरी कधी होतो) तर एका पंख्यामागे वर्षाला १९७ युनिट वाचतात, पाच पंख्यांचे हजाराला थोडे कमी. युनिटला चार रुपये धरले तरी चारेक हजार. पाच पंखे १६ हजारांत येतात, चार वर्षांत पैसे सुटले, आणि रिमोट सहसा त्याच्यासोबतच येतो, म्हणजे अंथरुणातून पंखा कमी करायची मिस्टरांची इच्छाही पुरी. त्याहून पुढे जायचं असेल तर सोलर बघा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. पण ते पुढच्या वर्षी, उशी शाबूत ठेवून.

आता कोटेशन. टच पॅनल (बोट टेकवून चालणारे स्विचबोर्ड) १,६५,०००, चार खिडक्यांचे मोटरवाले पडदे ९२,०००, व्हिडिओ डोअर फोन आणि स्मार्ट लॉक ४८,०००, सहा कॅमेरे आणि रेकॉर्डर ५४,०००, हब (सगळ्या स्मार्ट वस्तू एकत्र जोडणारा डबा) आणि राउटर ३६,०००, बोलणारे स्पीकर १५,०००, आणि प्रोग्रामिंग-मजुरी ५०,०००. पडद्यांवर मी आधी काट मारली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पडद्याला बुरशी धरते, दर पंधरा दिवसांनी काढून धुवायचा म्हटला की तो मोटरच्या पट्टीतून कोण काढणार आणि परत कोण लावणार ते आधी ठरवा, मोटर त्यात मदत करत नाही.

टच पॅनलचं जास्त गंभीर आहे. मे महिन्याच्या शेवटी पहिला गडगडाट झाला की लाईट जाते-येते, कधी एकदम जास्त व्होल्टेज येतं, आणि ऑक्टोबरच्या विजा तर वेगळ्याच. साधा स्विच गेला तर शंभरात काम होतं, फोंड्याच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. टच पॅनलचं बोर्ड गेलं की अख्ख्या खोलीचे दिवे-पंखे गेले, ते बोर्ड त्याच कंपनीचं लागतं, आणि पावसात माणूस येईपर्यंत तुम्ही टॉर्च घेऊन फिरणार. घराचा विमा घ्याच, भारत गृह रक्षा पॉलिसीत आग, वीज पडणं, पूर, वादळ येतं आणि घरातलं सामानही ठरावीक रकमेपर्यंत आपोआप धरलेलं असतं, पण व्होल्टेजने जळलेलं बोर्ड त्यात सहसा बसत नाही, हे पॉलिसी घेताना विचारून घ्या.

आणि ते बोर्ड किती वर्षं चालेल हे फक्त त्या बोर्डावर नसतं. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब लोकांनी घेतला होता, गूगलच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, डबा चांगला धडधाकट आणि उपयोग शून्य. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या वस्तू करणाऱ्या कंपनीचं असंच झालं, एके दिवशी सर्व्हर बंद, लोकांना कळवलंसुद्धा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅटर नावाचं सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून केलेलं स्टँडर्ड आलं, त्याने एका कंपनीची वस्तू दुसरीच्या ॲपवर चालते, म्हणून जे काही घ्याल ते मॅटरवालं आहे का आणि इंटरनेट गेल्यावर घरातल्या घरात चालतं का, हे दोन विचाराच. तुमच्या कोटेशनमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. घर वर्षानुवर्षांच्या लोनवर आणि स्विच कुणाच्यातरी सर्व्हरवर, हे मला पैशाच्या बाजूने पटत नाही.

माझ्याकडे घर बांधणारे येतात त्यांच्यात या विषयावर एक गंमत नेहमी दिसते. ज्याला हौस असते तो दिवसातले दहा तास घराबाहेर असतो, आणि ज्याला ते सगळं वापरायचं असतं त्याला कोणी विचारतच नाही. आसगाव-शिवोलीला दिल्ली-मुंबईवाल्यांच्या व्हिलात सगळं ऑटोमेशन असतं, ते बरोबरही आहे, घर वर्षातले बरेच महिने बंद, मालक तिकडे, मग कुलूप, कॅमेरा, गेट फोनवरून बघावंच लागतं. तुमचं घर बंद कधी असतं? सासूबाई दिवसभर घरात, शेजारी दाराशी, सकाळी पोदेर (पाववाला) सायकलचा भोंपू वाजवतो तेव्हा दार उघडंच असतं. म्हणून "हात दिलेत ना देवानं" याला जुनी माणसं म्हणून उडवून लावू नका. मी मिस्टरांना सांगेन की एक संध्याकाळ आईशेजारी बसा आणि विचारा तिला नेमका त्रास कशाचा होतो. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, रात्री बाथरूमला उठताना अंधार. त्यावर हजारभर रुपयांत दोन सेन्सरचे दिवे येतात, पाय जमिनीला लागला की लागतात, ॲप नाही, पासवर्ड नाही. ७४ वर्षांच्या सासूबाईंचं पडणं वाचलं तर या सगळ्या यादीत खरा परतावा देणारी तेवढीच एक वस्तू म्हणावी लागेल.

कॅमेरे सहा कशाला तेही कळलं नाही. एक गेटकडे, एक मागच्या दाराला, बास. घराच्या आत तर लावूच नका, आपल्या आईला फोनवरून बघत बसणं तिला आवडेल का ते आधी तिलाच विचारावं. स्वस्त बिननावाचा घेऊ नका, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते आणि दार उघडं राहिलं होतं कंपनीने दिलेल्या पासवर्डमुळे, जो लोकांनी कधी बदललाच नाही. आता आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सरकारी सुरक्षा टेस्टिंग सक्तीचं झालंय, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि टेस्ट झालेला आहे का ते दाखवायला सांगा.

मग पैसे घालायचे कुठे? भिंतीत. प्लास्टर व्हायचंय हे तुमचं नशीब, कारण एकदा भिंत बंद झाली की हेच काम तिप्पट खर्चाचं आणि सगळ्या घरभर धूळ. इलेक्ट्रिशियनला सांगा की प्रत्येक स्विच बॉक्समध्ये न्यूट्रल वायर आण (करंट परत नेणारी तार, बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते आणि जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती नसते), बॉक्स खोल घे, एक-दोन रिकामे पाईप सोडून ठेव, हॉल आणि दोन बेडरूमला लॅनची (इंटरनेटची) केबल ओढ, कारण चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय जात नाही हे तुम्ही जुन्या घरात बघितलंच असणार. अर्थिंग नीट, आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच), आणि मेन बोर्डला सर्ज प्रोटेक्टर (एकदम वाढलेलं व्होल्टेज अडवणारा). याचे जादा चाळीसेक हजार धरा. पाच पंखे १६ हजार, दोन कॅमेरे ८ हजार, व्हिडिओ डोअरबेल १० हजार, राउटरला छोटा यूपीएस २ हजार, सेन्सरचे दिवे १ हजार. ७७ हजार झाले. वायरिंगचे या महिन्याच्या आणि पुढच्या महिन्याच्या उरलेल्या पैशातून जातात, बाकीचं गृहप्रवेशानंतर दोन-तीन महिन्यांत, एफडीला हात न लावता, हप्ता न बांधता. आणि पुढे मुलगी शिकायला बाहेर गेली, हातात पैसे खेळायला लागले, तर न्यूट्रल आहेच, मिस्टरांनी खुशाल एकेक खोली स्मार्ट करावी, तोवर वस्तू स्वस्तही झालेल्या असतील.

तुलनेसाठी एक आकडा देऊन ठेवतो, मिस्टरांना दाखवा. हेच ४ लाख ६० हजार लोनमध्ये भरले तर तुमचे साधारण ४६ हप्ते कमी होतात, म्हणजे पावणेचार वर्षं आधी सुटका. आज भरा असं म्हणत नाहीये, ती उशी आहे हे वर सांगितलं, पण पैशाची ताकद काय असते ते कळावं.

ऑटोमेशनवाल्याने "एक खोली टुरिस्टला दिलीत तर स्मार्ट घराला भाडं जास्त येतं" असंही सांगितलंय म्हणे. टुरिस्टला खोली द्यायची तर आधी पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, मग वेगळी एंट्री, वेगळं बाथरूम, आणि कुर्टीला येणारा पाहुणा मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन घेऊन जाणारा असतो, तो पडद्याची मोटर बघून जास्त पैसे देईल असं मला वाटत नाही. हे उत्पन्न हिशोबात शून्य धरा.

ऑफर महिनाअखेरची आहे ना, त्याला फोन करून सांगा की गेटची मोटर तुझ्याकडे राहू दे, मला फक्त डोअरबेल आणि दोन कॅमेऱ्यांचं कोटेशन पाठव, वॉरंटी किती वर्षं, बिघडल्यावर किती दिवसांत येणार आणि व्हिजिटचे किती घेणार हे त्यातच लिहून. आणि इलेक्ट्रिशियनशी मात्र उद्याच बोला, प्लास्टरवाला सोमवारी येणार म्हणालात, त्याआधी न्यूट्रल आणि रिकामे पाईप पडले पाहिजेत. भिंत बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, पाईप कुठून गेलेत ते पुढे कोणालाच आठवत नाही.